खाणीच्या ढिगाऱ्यावरची हिरवळ मोजायची कशी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींच्या परिसरात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात आणि किती रोपे लावली याचे आकडे छायाचित्रांसह प्रसिद्ध होतात. त्या रोपांचे पाच किंवा दहा वर्षांनी काय झाले, त्यांच्या सावलीत दुसरे काही उगवले का, हे मात्र वणी, माजरी, घुग्घुस किंवा सास्तीच्या रहिवाशाला सहजासहजी कळत नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याकडे वर काळी माती आणि खाली वालुकाश्म व शेल अशी जमिनीची रचना आहे. खुल्या खाणीत ती उलटी होते आणि ‘ओबी’च्या (कोळशावरून काढून टाकलेल्या दगड-मातीच्या) ढिगाऱ्यावर वरच्या थराला निव्वळ दगडगोटे व भुकटी येते. काळी माती वेगळी साठवून नंतर ढिगाऱ्यावर पसरावी, अशी अट असते. पण ती फार काळ पडून राहिली तर तिच्यातले बी आणि सूक्ष्म जिवाणू मरतात आणि मग नुसता रंगच काळा उरतो. अशा जागी सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, ग्लिरिसिडिया ही हवेतला नत्र जमिनीत आणणारी, लवकर वाढणारी झाडे लावतात आणि सुरुवातीला ते योग्यही आहे. प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. जुन्या ढिगाऱ्यावर सुबाभळीच्या गर्दीत वाकून पाहिले तर रोपांचा गालिचा दिसतो, पण ती सारी रोपे सुबाभळीचीच असतात. मात्र पावसाच्या पाण्याने पडलेल्या एखाद्या घळीच्या कडेला, माती अडकलेल्या जागी, कुसळी गवताचे ठोंब आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून आलेले बोर किंवा कडुनिंबाचे रोप सापडते. ढिगारा जमिनीसारखा वागू लागला की नाही, हे लावलेल्या हजारो झाडांपेक्षा असे न लावता आलेले एक रोप अधिक खात्रीने सांगते.

खाणकामानंतर पुन्हा झाडोरा लावलेल्या क्षेत्राचे सर्वेक्षण होत नाही, असे मी म्हणणार नाही. कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला 50 लाख घनमीटरपेक्षा अधिक उत्खनन करणाऱ्या कोल इंडियाच्या खुल्या खाणींची पाहणी सीएमपीडीआय ही संस्था उपग्रह चित्रांवरून दरवर्षी करते आणि त्याहून लहान खाणींची दर तीन वर्षांनी. (ही संस्था कोल इंडियाचीच उपकंपनी आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.) किती हेक्टर खोदले, किती भरले आणि किती क्षेत्रावर झाडोरा आहे, हे समजण्यासाठी ती पाहणी उपयुक्त आहे. परंतु उपग्रहाच्या हरित निर्देशांकाला घाणेरी, वेडी बाभूळ ही माजणारी परदेशी झुडपे आणि आपला पळस सारखेच हिरवे दिसतात, आणि ऑक्टोबरात गवताने हिरवा दिसणारा उतार एप्रिलमध्ये उघडा पडतो. शिवाय प्रत्येक हिरवळ हितकारक असते असेही नाही. चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर परिसरातील लोकांना झुडपांच्या गचपणात दडणाऱ्या बिबट्या-वाघांची भीती काय असते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून जमिनीवरची नोंद हवी. प्रत्येक ढिगाऱ्यावर माथा, उतार आणि पायथा अशा तिन्ही ठिकाणी खुणेचे दगड रोवून कायमचे नमुना-तुकडे आखावेत: झाडांसाठी दहा बाय दहा मीटरचे आणि गवतासाठी एक मीटरच्या चौकटीचे. तेच तुकडे दरवर्षी पावसाळा संपताना आणि पुन्हा मे महिन्यात तपासावेत. कोणती प्रजाती, लावलेली की आपोआप आलेली, किती उंच, किती मेली, हे लिहावे आणि मातीतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाणही पाहावे. तुलनेसाठी जवळच्याच नैसर्गिक जंगलाचा एक तुकडा घ्यावा, कारण हेक्टरी 2500 झाडांची जी घनता पर्यावरण मंजुरीच्या अटींत सर्रास आढळते, ती एकाच प्रजातीने पूर्ण केली तरी कागदावर काम फत्ते होते. अमेरिकेच्या 1977 च्या खाण पुनर्वसन कायद्याखाली कोरड्या प्रदेशात पुनर्लागवडीची जबाबदारी दहा वर्षे खाणमालकावरच राहते आणि ठरलेल्या निकषाच्या किमान 90 टक्के आच्छादन दाखवल्याशिवाय त्याची अनामत पूर्णपणे सुटत नाही.

आपल्याकडेही पैशाची तजवीज आहे. कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये दराने एस्क्रो खात्यात (काम झाल्यावरच पैसे सुटणाऱ्या राखीव खात्यात) रक्कम ठेवणे बंधनकारक केले, आणि 2013 च्या सुधारित सूचनांनुसार झालेल्या कामाची तपासणी करून दर पाच वर्षांनी जमा रकमेच्या 80 टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकत असे. ज्ञानाचीही वाण नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून झाडे जगवून दाखवली, त्याला आता अनेक वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाने तर 8 जानेवारी 2020 च्या आदेशात खाणकाम थांबल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राण्यांच्या वाढीस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घालण्यास केंद्र सरकारला सांगितले. न्यायालयाने झाडांआधी गवताचे नाव घेतले, याचे मला विशेष वाटते. गाई-म्हशी घेऊन ढिगाऱ्याच्या कडेने फिरणाऱ्या गुराख्याला मारवेल आणि पवन्या या गवतांचीच गरज असते.

माझी सूचना एवढीच आहे की, एस्क्रो खात्यातील परतावा या नमुना-तुकड्यांच्या प्रजातीनिहाय नोंदींशी जोडावा आणि त्या नोंदी पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याच्या 1 जून व 1 डिसेंबरच्या सहामाही अनुपालन अहवालासोबत मराठीतून संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. चंद्रपूर, वणी आणि राजुरा येथील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना हे काम मानधनासह दिले, तर विद्यार्थ्यांचा प्रकल्पही होईल आणि खाण व्यवस्थापनापासून स्वतंत्र अशी मोजणीही मिळेल. सुरुवात म्हणून येत्या ऑक्टोबरात प्रत्येक खाणक्षेत्रातील सर्वांत जुना एक ढिगारा घ्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, वणी (जि. यवतमाळ)