गाळ ओला असतानाच

भांडी बाजार, नाशिक

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. काल रात्री तू जेवली नाहीस. खो-खोच्या संघात नाव लागलं नाही म्हणून नव्हे, ते तर तू दुपारीच रडून मोकळी झाली होतीस. मी तुझ्या सरांना फोन केला, म्हणून. "पप्पा, आता सगळ्या मुली म्हणतील, हिचे वडील फोन करतात." एवढंच बोललीस आणि दार लावून घेतलंस.

फोन लावताना मला वाटत होतं, आपण बापाचं काम करतोय. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा मागचं एकेक आठवत गेलं. चौथीत तुझा जलचक्राचा तक्ता थोडा वाकडा झाला होता. तू झोपल्यावर मी तो नव्याने काढला. त्याला शाळेत शाबासकी मिळाली आणि तू घरी येऊन गप्प बसलीस. मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं नाही, तर मी तिच्या आईशी बोललो. कंपासपेटी घरी राहिली की दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गाडीवर शाळेच्या फाटकाशी हजर. खरं सांगतो सई, मला तुझं रडू बघवत नाही. तुझ्यासाठी म्हणून जे जे केलं, त्यातलं निम्मं माझ्याच जिवाला बरं वाटावं म्हणून केलं.

तुला २०१९ चा पूर आठवतो का? तू पहिलीत होतीस. ४ ऑगस्ट, रविवार. आपल्याकडे पुराची मोजपट्टी म्हणजे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, असं गावभर विचारत राहायचं आणि त्यावर दुकानातला माल किती वर चढवायचा ते ठरवायचं. त्या दिवशी मारुती डोक्यासकट बुडाला आणि गोदामाई बाजारात शिरली. वरच्या फळ्यांवर ठेवलेलं वाचलं, खालचं सगळं गाळात.

पाणी ओसरायला लागलं तसे आबा खराटा घेऊन उतरले. त्यांनी १९६९ चा महापूर पाहिलेला. ते म्हणाले, "गाळ ओला असतानाच लोटायचा. पाण्याबरोबर गेला तर गेला, वाळला की सिमेंट." मी मात्र तुझ्या आईला सांगत होतो, हिला घरी ने, ही घाबरेल. आबांनी ऐकलं नाही. एक मोठं पातेलं उपडं घातलं, त्यावर तुला बसवलं, हातात फडकं दिलं आणि पुढ्यात झाकणांचा ढीग ओतला.

तू आधी रडलीस. आबा काही बोलले नाहीत, शेजारी बसून परातीच पुसत राहिले. मग तू एक झाकण उचललंस. वरून स्वच्छ झालं, पण काठाच्या वळलेल्या कडेत गाळ अडकला होता, फडकं तिथे पोहोचेना. तू इकडेतिकडे पाहिलंस, आबांच्या खराट्यातली एक काडी ओढून काढलीस आणि ती कडेतून फिरवत नेलीस. गाळाची बारीक काळी सुतळी निघावी तशी सगळी बाहेर आली. ती तू बोटावर धरून सगळ्यांना दाखवत सुटलीस. काडीची युक्ती तुला कुणी शिकवली नव्हती. मी तिथे असतो तर ते झाकण तुझ्या हातातून घेऊन धुऊन टाकलं असतं. नशीब, मी आत पाण्याची मोटार लावण्यात गुंतलो होतो.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तुला ठाऊक आहे. विहिरी खोदणारा मुलगा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. मला मात्र त्याची २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली गोष्ट जास्त जवळची वाटते. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सगळ्यात शेवटी आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत बसला आणि सुवर्णपदक घेऊन उतरला. मधे एकच रात्र. ती त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला काढता आली नसती.

सरांना मी आज पुन्हा फोन केला, तो शेवटचा. म्हटलं, कालचं माझं बोलणं विसरा, सई तिचं ती बघेल. चाचणीत तू पळतीला अर्ध्या मिनिटात बाद का झालीस, हे त्यांना विचारावंसं वाटलं तर तूच विचार. विचारायचं नसेल तरी चालेल. राखीव म्हणून सरावाला जायचं की यंदा सोडायचं, तेही तूच ठरव. संध्याकाळी आलीस की मी "काय झालं, कोण काय म्हणालं" असं खोदून विचारणार नाही. शेजारी बसेन. तू बोललीस तर ऐकेन, आणि मधेच उपाय सांगायला लागलो तर मला सरळ थांबव.

एक मात्र नीट ऐकून ठेव. कुणी हात उगारला, नको तिथे हात लावला, धमकावलं, किंवा कशानेही तुला दिवसचे दिवस जेवण-झोप गोड लागेना, तर ते एकटीने सोसायचं नाही. ते त्याच दिवशी मला किंवा आईला सांगायचं. तिथे मी शटर अर्धं नाही, पूर्ण ओढून येईन.

आबा असते तर काल रात्री तुझ्या दाराबाहेर परात पुसत बसले असते. मला तेवढं जमलं नाही, मी तीनदा दार वाजवलं. शिकतोय मीही.

पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घे. तुझी कंपासपेटी आज सकाळी टीव्हीजवळच राहिली. मी पाहिली, आणि तिथेच ठेवली.

तुझे,
पप्पा