रंधा परत करण्यापूर्वी

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

तुमचा रंधा गेले चौदा महिने माझ्याकडे आहे. तो परत आणून देताना तोंडी आभार मानायला गेलो, तर 'आधी चहा घे' म्हणून तुम्ही विषय बदलाल हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे, आणि ते चारचौघांनी वाचावे म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

म्हसरूळच्या आमच्या घरामागे असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये सोळा फुटी लाकडी कनू, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची निमुळती उघडी होडी, स्वतःच्या हातांनी बांधायचे मी ठरवले, तेव्हा माझ्याजवळ एक परदेशी आराखडा होता आणि लाकूडकामाचा अनुभव म्हणाल तर एक पाट व भिंतीतल्या दोन फळ्या. आराखड्यात सांगितलेले सीडरचे लाकूड आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून मी सरळ सागवान घेण्यासाठी वखारीत उभा होतो. शेजारी तुम्ही कोणाच्या तरी वाड्याच्या चौकटीसाठी लाकूड निवडत होता. "होडीला साग? आणि ती खांद्यावर कोण वाहणार?" एवढेच विचारून तुम्ही मला शिवणीच्या ओंडक्यांकडे नेलेत. सागाचे वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरते, शिवणीचे पाचशेच्या आसपास. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याच्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणारे चिकटद्रव्य, नीट धरत नाही, हे मला फार नंतर समजले.

या पद्धतीत होडी उपडी बांधतात. प्लायचे फर्मे, म्हणजे होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे, फूटफूट अंतरावर एका सरळ तुळईवर उभे करायचे, त्यांच्यावर दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीच्या आणि पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या, बाहेरून काचेच्या धाग्यांचे कापड (फायबरग्लास) इपॉक्सीने बसवायचे आणि मग फर्मे काढून आतूनही तेच करायचे. होडीचा सारा आकार फर्म्यांवर अवलंबून असतो, आणि नेमके तेच माझे चुकले होते.

तुम्ही पहिल्यांदा शेडमध्ये आलात तेव्हा अकरा पट्ट्या चढल्या होत्या आणि मी कौतुकाची वाट पाहत होतो. तुम्ही कोपऱ्यातली एक लवचीक बिडिंग पट्टी उचललीत, ती उघड्या फर्म्यांवर लांबीत टेकवलीत आणि एक डोळा मिटून नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, पाहिलेत. "पाचवा उंच बसलाय. एक सूत." मी ओळंबा सोडला, गुण्या लावला, मोजून पाहिले, बरोबर एक सूतच निघाले. चौथ्या आणि सहाव्या फर्म्यापाशी बिडिंगखालून येणारा उजेड तुम्ही बोट ठेवून दाखवलात तेव्हा कुठे मला दिसला. तो फुगवटा शेवटी तासून घेऊ, असे मी सुचवले. "दोन सुतातून एक सूत तासल्यावर उरेल काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अकराच्या अकरा पट्ट्या तुम्ही मला उतरवायला लावल्यात आणि त्यातल्या एकीलाही स्वतः हात लावला नाहीत. त्या रात्री मला तुमचा राग आला होता, हे इथे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही हा रंधा घेऊन आलात आणि टोकाकडच्या फर्म्यांच्या कडा कलत्या कशा करायच्या ते एकाच फर्म्यावर दाखवलेत, कारण तिथे पट्टी वळते आणि चौकोनी कडेवर ती नुसत्या कोपऱ्याला टेकते. उरलेले फर्मे माझ्यावर सोडून तुम्ही स्टुलावर बसून राहिलात.

काठाच्या सोळा फुटी पट्ट्या एकसंध मिळाल्या नाहीत, तेव्हा पाऊण इंच जाडीला सहा इंच तिरपा काप घेऊन सांधा करायचा, हे एकास आठचे प्रमाणही तुमचेच. आराखड्यातही तेच दिले होते. मी ते वाचलेच नव्हते.

एप्रिलमधल्या फजितीचा उल्लेख टाळता येणार नाही. भर दुपारी अर्धा किलो इपॉक्सी एकाच डब्यात कालवले, ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागले आणि डब्याचा तळ वितळून खाली आला. तुम्ही मनसोक्त हसलात. मग चढत्या उन्हात पॉलिशसुद्धा करू नये, लाकडातली हवा बाहेर येऊन फोड धरतात, असे सांगितलेत. त्यानंतर मी ते पसरट ट्रेमध्ये थोडेथोडे कालवून, ऊन उतरल्यावरच लावले. कापडाखाली एकही बुडबुडा राहिला नाही.

गुडघ्यामुळे तुम्हाला दिंडोरीला येता आले नाही, म्हणून सांगतो. मेहुण्यांच्या द्राक्षबागेत छाटणी चालू होती. क्रेट मोजायच्या काट्यावर होडी ठेवली तर एकतीस किलो भरली. दोघांनी ती सहज उचलून नेली. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरतात म्हणून उतारावर ओली पोती टाकली, लाइफ जॅकेट चढवले आणि होडी पाण्यात सोडली. तासाभरात आत पाण्याचा थेंब आला नाही. ती किंचित उजवीकडे कलते, पण तो दोष मी बसवलेल्या आसनाचा आहे. मी आधी लांबून, एक डोळा मिटून, तिची कड पाहून घेतली होती.

रंध्याचे पाते धार लावून ठेवले आहे. तुमच्याइतकी धार माझ्या हातून आलेली नाही, तेव्हा ते एकदा तपासून घ्यावे. येत्या रविवारी सकाळी रंधा घेऊन येतो.

आपला नम्र,
शेडवाला शेजारी
म्हसरूळ, नाशिक