शस्त्रक्रियेच्या आधी घराचीही तयारी हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या स्तनावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. स्तनाबरोबर काखेतील ग्रंथीही काढाव्या लागल्या, आणि चौथ्या दिवशी त्या अंगाला जोडलेल्या दोन नळ्यांसह घरी आल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तिच्याविषयी तक्रार नाही. मात्र पुढचे तीन आठवडे घरात काय काय लागेल हे आम्हांला आधी कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर विचारावे हे आम्हांलाही सुचले नाही.

त्या नळीला सगळे नुसते 'ड्रेन' म्हणतात. जखमेत साचणारे पाणी ओढून घेण्यासाठी तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असतो. तो रिकामा करून, दाबून, मग झाकण लावायचे असते, म्हणजे तो पुन्हा उमलताना पाणी आत ओढतो. घरी आल्यावर पहिल्या रात्री डबा फुगलेला पाहून नळी चांगली चालली आहे, असे समजून आम्ही निश्चिंत झोपलो. प्रत्यक्षात झाकण नीट बसले नव्हते, डब्यात हवा शिरली होती आणि ओढ संपली होती. रुग्णालयात परिचारिकेने एकदा घाईघाईने दाखवले होते, पण सुट्टी मिळण्याच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात राहणार? घरी सोडतानाचे कार्ड इंग्रजीत होते आणि त्यात ड्रेनविषयी अवघी एक ओळ होती. पुढे पुतण्याने एक वही घातली. औषधाच्या मोजपात्राने दोन्ही डब्यांतील पाणी वेगवेगळे मोजून, त्याचा रंग व वेळ तो लिहीत गेला. लाल रंग फिका होत पिवळसर होतो, आणि चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या आत येऊन एक-दोन दिवस तसेच राहिले की डॉक्टर नळी काढतात. ही वही तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आमच्या सगळ्या तोंडी माहितीपेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहिली. डबा लोंबून टाका ओढला जाऊ नये म्हणून जुन्या सुती साडीच्या दोन पिशव्या शिवून त्या कमरेच्या नाडीला बांधल्या. हे काम शस्त्रक्रियेच्या आधीच्या निवांत दुपारी सहज झाले असते.

कपड्यांचेही तसेच. डोक्यावरून घालण्याचे काहीही चालत नाही. आपल्या ब्लाउजला हुक पुढेच असतात हे सोयीचे, पण तंग बाही आड येते. शेवटी दिरांचे जुने सुती सदरेच उपयोगी पडले. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात घामाने पट्टी ओली होऊ नये म्हणून पंख्याखालची जागा आणि कोपराखाली एक उशी, एवढी व्यवस्था आधी करून ठेवावी.

खरी अडचण पाण्याच्या दिवशी येते. सोलापुरात नळ रोज येत नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी हंडे, कळशा, पिंप भरणे आणि साठलेल्या चादरी धुणे हे सारे घरातल्या बाईच्या हातून होते, आणि भिजलेली सोलापुरी चादर उचलणे धडधाकट माणसालाही जड जाते. अशा शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या हाताने दोन-तीन किलोंपेक्षा अधिक उचलू नये असे सांगतात. भरलेली कळशी त्याच्या कितीतरी पुढे जाते. भाकरीचे पीठ मळणे व थापणे हेही खांद्याचेच काम आहे. आमच्याकडे ही कामे आधी वाटून घेतलेली नव्हती, त्यामुळे आठव्या दिवशी जाऊबाई नळाखाली उभ्या दिसल्या. कडक भाकरी आणून ठेवणे, मसाल्याचे डबे फळीवरून ओट्यावर उतरवणे आणि पाणी कोण भरणार हे नावानिशी ठरवणे, या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. विडी वळून संसार चालवणाऱ्या बाईची अडचण मात्र इतक्याने सुटत नाही, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते आणि विश्रांतीचे दिवस बिनपगारी जातात.

समजुतींनी आम्हांला फार छळले. डाळ, शेंगदाणे, अंडी खाल्ली की जखमेत पू होतो असे शेजारणींनी ठासून सांगितले. डॉक्टरांना विचारले तेव्हा जखम भरण्यासाठी हीच प्रथिने हवीत असे कळले. हात हलवू नका, हा दुसरा सल्ला. मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, केस विंचरणे हे डॉक्टरांच्या परवानगीने दुसऱ्या दिवसापासूनच करता येते. खांद्याच्या वर हात नेणे मात्र सहसा नळी निघाल्यावर, भिंतीवर बोटे चढवत आणि रोजची खूण पेन्सिलीने करत सुरू होते. नाही तर खांदा आखडतो, आणि पुढे किरणोपचार लागले तर हात डोक्यावर ठेवून निजता येत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा वाटला तर घाबरू नये. परंतु १००.४ अंशांवर ताप, जखमेभोवती लाली, दुर्गंधी, किंवा डब्यात एकाएकी ताजे रक्त आले तर सकाळची वाट न पाहता फोन करावा.

काखेतील ग्रंथी काढलेल्या हाताला पुढे सूज येण्याची शक्यता राहते, म्हणून त्या हाताला सुई व रक्तदाबाचा पट्टा टाळतात आणि इजा होऊ देत नाहीत. कासाराकडे हात दाबून भरलेल्या घट्ट बांगड्यांचा प्रश्न त्यातूनच येतो. आमच्या सासूबाईंना तो हात मोकळा पाहवेना, आणि त्यावरून घरात जे रडणे झाले ते शस्त्रक्रियेच्या दिवशीही झाले नव्हते. वडीलधाऱ्यांशी हे आधीच, शांतपणे बोलून ठेवावे.

शहरातील व जिल्ह्यातील रुग्णालयांना माझी विनंती एवढीच आहे की, शस्त्रक्रियेची तारीख देतानाच घरच्या तयारीचा एक कागद द्यावा, आणि तो मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही असावा, कारण पूर्व भागातील कितीतरी घरांत वडीलधाऱ्या बायका तेलुगूच बोलतात. ड्रेन रिकामा करण्याची कृती घरच्या माणसाकडून सुट्टीपूर्वी दोनदा करवून घ्यावी. बार्शीसारख्या ठिकाणी १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. त्या जिल्ह्यात एवढा कागद अवघड नसावा.

पुतण्याची वही आमच्याकडे अजून आहे. असा कागद तयार करताना कोणाला तिचा उपयोग होणार असेल तर आपल्या कार्यालयामार्फत तिची प्रत देण्यास जाऊबाईंची संमती आहे.

कळावे,
आपल्या पत्राची एक वाचक,
सोलापूर