‘पाच दिवस दूध बंद’ असं सांगण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी लेकीला मांडीवर घेऊन वाचला. पहिल्या तासातला चीक, सहा महिने फक्त आईचं दूध, पुढं दोन वर्षांपर्यंत वरच्या खाण्याबरोबर तेच, पाजताना कसं बसावं, सगळं त्यात होतं आणि मनापासून लिहिलेलं होतं. पण अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःलाच दुखणं आलं तर तिनं काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. माझ्या वाट्याला ते दुखणं अक्कलदाढेचं आलं. त्यापायी माझे आणि लेकीचे जे हाल झाले ते दुसऱ्या कुणाचे होऊ नयेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी कराड तालुक्यात राहते, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. लेक पाच महिन्यांची होती, २६ आठवड्यांच्या रजेतले शेवटचे तीन आठवडे उरले होते, आणि खालची डावी अक्कलदाढ ठणकायला लागली. दाढ सरळ येतच नव्हती. शेजारच्या दाढेला टेकून आडवी झोपली होती, आणि तिच्यावर हिरडीची पाळी आलेली. त्या पाळीखाली घास अडकायचा, पू धरायचा. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं खात होते.

तब्बल बारा दिवस मी एकही गोळी घेतली नाही. घरात तापाची साधी पॅरासिटामॉल होती, तीसुद्धा नाही. दुधातून बाळाला उतरेल, ही भीती. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरून रात्री काढल्या. सासूबाई म्हणायच्या, ओल्या बाळंतिणीनं दाताला हात लावू द्यायचा नसतो, डोळ्यांवर जातं. त्यांच्या आईनं त्यांना तेच सांगितलेलं. आज मला ठाऊक आहे की दाढ काढण्याचा आणि नजरेचा काही संबंध नाही, पण त्या वेळी माझ्याकडं त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

तेराव्या दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला, तेव्हा नवऱ्यानं मला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. एक्स-रे काढला. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागेल, टाके पडतील, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, बाळ अंगावर पितंय. ते चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “मग पाच दिवस दूध बंद. पिळून टाकून द्या. तोवर पावडर द्या.”

त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. दाढ त्यांनी अलगद काढली, सूज चौथ्या दिवशी उतरली, टाके वेळेवर निघाले. माझी तक्रार त्या एका वाक्याची आहे. ते सांगायला त्यांना दोन क्षण लागले, आणि ते मी अडीच दिवस भोगलं.

पावडरचा डबा चारशेहून जास्त रुपयांचा. पैशाचं काही नाही. लेकीनं बाटली तोंडात धरलीच नाही. बाटलीची बोंडी जिभेनं बाहेर ढकलायची आणि माझ्या पदराला झोंबायची. माझ्या तोंडात रक्त थांबवायला कापडाचा बोळा दाबून धरलेला, अर्धा जबडा आणि ओठ बधिर. तिला उगी उगी म्हणायलासुद्धा तोंड उघडता येईना. शेवटी नणंद तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारायला गेली आणि मी दार लावून आत बसले. कारण तिचं रडू कानावर आलं की पान्हा फुटायचा आणि झंपर भिजायचा.

रात्री तीनच्या सुमाराला न्हाणीत पाटावर बसून दूध पिळत होते. छाती दगडासारखी झालेली, हात लावला तरी कळ यायची. स्टीलच्या वाटीत धार पडते तिचा बारीक आवाज येतो, गाईच्या धारेसारखाच. वाटी भरली की फरशीवर ओतायची. पाण्याबरोबर ते पांढरं पाणी मोरीच्या जाळीकडं वाहत जायचं आणि माजघरातून पोरीचा घोगरा झालेला आवाज यायचा. मी हिशोबाची माणूस आहे, लेकीची वही ठेवते: कधी प्यायली, किती वेळ, शी-शू. त्या अडीच दिवसांच्या पानावर मी ओतलेल्या वाट्या लिहिल्या आहेत. ११.

तिसऱ्या दिवशी छातीत उजव्या बाजूला लिंबाएवढी लाल गाठ झाली, हुडहुडी भरली, ताप १०२ वर गेला. लेकीला लस देणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाई आहेत, त्यांच्याकडं गेलो ते खरं तर पोरीसाठी, ती सुकत चालली होती म्हणून. त्यांनी आधी पोरीला तपासलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “दाढेची चिठ्ठी आण बघू इकडं.”

त्यांनी टेबलावर चिठ्ठी पसरली आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं. ते बोट मला अजून दिसतं.

पहिल्या ओळीवर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनिक ॲसिडची गोळी, म्हणजे प्रतिजैविक. “अगं, हे औषध तुझ्या लेकीचा कान फुटला असता तर मीच तिला चमच्यानं पाजायला दिलं असतं. दुधातून जातं ते त्यापुढं काहीच नाही. फार तर शी जरा पातळ होईल, लक्ष ठेव.” दुसरी मेट्रोनिडाझोल, तीही जंतूंवरचीच. “ही दुधात उतरते, दुधाची चव थोडी कडवट होऊ शकते, पण या मात्रेत दूध बंद करायचं कारण नाही.” दाढ काढताना बधिर करायला जी सुई दिली होती ते लिग्नोकेन. तिचं काम हिरडीत, जागच्या जागी. रक्तात थोडं, दुधात त्याहून थोडं, आणि बाळाच्या पोटात गेलेलं तिथून नीट शोषलंही जात नाही. एक्स-रेमुळं दुधाला काही होत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

मग त्यांचं बोट वेदनाशामकाच्या ओळीवर थांबलं. ती ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी होती. “ही एकच नको,” म्हणाल्या आणि पेनानं आडवी रेघ मारली. काही बायकांच्या शरीरात ट्रामाडॉलचं फार झपाट्यानं दुसऱ्या, जास्त तीव्र द्रव्यात रूपांतर होतं. कुणाच्या शरीरात होईल ते वरून कळत नाही. मग ते दुधातून बाळाला जास्त जाऊन त्याला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. कोडीन नावाच्या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तसंच. या दोन्ही औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली पाजत्या आयांसाठी स्पष्ट इशारा दिला आहे. त्या ओळीच्या जागी बाईंनी आयबुप्रोफेन लिहिली आणि जोडीला साधी पॅरासिटामॉल. दोन्ही दुधात अगदी नाममात्र उतरतात.

माझं सगळं म्हणणं त्या एका रेघेत आहे. चिठ्ठीतली एक गोळी बदलली असती तर अडीच दिवस दूध बंद करावं लागलं नसतं. गोळी बदलायला एक मिनिट लागतं. तसं न करता सगळं दूधच बंद करायला सांगितलं, आणि ज्या गोळीची खरी काळजी करायला हवी होती ती चिठ्ठीत तशीच राहिली. एखादीनं सांगितलेलं न ऐकता चोरून पाजलं असतं तर? आणि बायका पाजतात. बाळ रडताना कोण थांबतं?

बाईंनी मला तिथंच, पडद्यामागं पाजायला बसवलं. गाठीवरचं पहिलं औषधही तेच, म्हणाल्या, दूध आत साचू द्यायचं नाही. पोरीनं आधी तोंड फिरवलं. दोन दिवसांत ती माझ्यावर रुसली होती, असं मला वाटलं आणि मी रडायला लागले. मग तिनं हुंगल्यासारखं केलं, आणि धरलं. वहीत वेळ आहे: ११.४०, उजवीकडं, २२ मिनिटं.

आता थोडं मागण्याबद्दल.

दाताच्या डॉक्टरांना मी विनंती करते, की ‘बाळ अंगावर पितंय’ हे ऐकल्यावर आधी पेन थांबवा. बाळ किती दिवसांचं, पुऱ्या दिवसांचं की आधी झालेलं, ते विचारा. नऊ-दहा दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर जास्त जपावं लागतं, हे मलाही कळतं. काही औषधं अशी आहेतच की ज्यांच्यासाठी पाजणं थांबवावं लागतं. कर्करोगावरची काही आहेत, थायरॉइडला देतात ते किरणोत्सारी आयोडीन आहे. पण दाढ काढायला सहसा लागतात ती औषधं त्यांतली नाहीत. शंका असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘लॅक्टमेड’ नावाची माहितीपेढी आहे. फुकट आहे, मोबाइलवर उघडते. औषधाचं नाव टाकलं की दुधात किती उतरतं, बाळाला काय होऊ शकतं, त्याऐवजी दुसरं काय देता येईल, हे एका पानावर मिळतं. खोक्यातल्या कागदावर ‘पाजत्या आयांनी घेऊ नये’ असं छापलेलं असतं, ते बऱ्याचदा अशा आयांवर त्या औषधाची चाचणी झालेली नसते म्हणून. तेवढ्यावर विसंबून आईला घरी पाठवू नका.

ज्यांना पूर्ण भूल द्यावी लागते, त्यांच्याबद्दलही हेच. दूध पिळून टाका, एक दिवस पाजू नका, असं पूर्वी सर्रास सांगत. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे की आई नीट शुद्धीवर आली, बाळाला धरण्याइतकी सावध झाली, की ती पाजू शकते. पिळून टाकायची गरज नाही. फक्त त्या रात्री गुंगी असेल तर बाळाला कुशीत घेऊन झोपू नये, दुसरं कुणी जवळ असावं.

मेडिकलवाल्या दादांनाही सांगणं आहे. आमच्यासारख्या कितीतरी जणी डॉक्टरांना विचारायला लाजतात आणि तुमच्या काउंटरवर विचारतात. तिथंही ‘नको, दुधातून जातं’ हेच उत्तर मिळतं आणि बाई ठणका सोसत घरी जाते. मी बारा दिवस सोसला. तोंडातला पू वाढू देणं हे बाळासाठी सुरक्षित आहे, असं कुणी म्हणणार नाही. तरी गोळी न घेणं म्हणजे सांभाळणं, असंच आमच्या डोक्यात बसलं आहे. मात्र मनानं काही घेऊ नये. ॲस्पिरिन तर या दिवसांत टाळतातच. विचारून घ्या, पण घ्या.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आया तिथं दूध देतात, ते तापवून निर्जंतुक करून आधी जन्मलेल्या, अशक्त बाळांना थोडं थोडं दिलं जातं. हे मला नंतर वाचून कळलं, आणि त्या दिवशी मी वहीचं ते पान पुन्हा काढलं. अकरा वाट्या. आपल्याच राज्यात ज्या दुधाचा थेंब थेंब कुणी इतका जपतं, ते मी उगीच मोरीत ओतलं, आणि मला ते ओतायला सांगितलं गेलं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि दंतवैद्यांच्या संघटनेला जमलं तर एवढं करावं: दातांच्या प्रत्येक दवाखान्यात, खुर्चीसमोरच्या भिंतीवर, सुई, नेहमीची प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं यांची मराठीत एक साधी पाटी लावावी. काय चालतं, काय टाळायचं, त्याऐवजी काय. स्तनपान सप्ताहात आरोग्य केंद्रांत फलक लागतात, तसाच हा एक तिथं लागावा. आशाताईंकडंही त्याची एक प्रत असावी. आमच्या गावात बाई आधी त्यांनाच विचारते.

उजव्या बाजूची दाढ मी चार महिन्यांनी काढून घेतली, दुसऱ्या डॉक्टरांकडं. या वेळी खुर्चीत बसण्याआधी पाच मिनिटं लेकीला पाजलं, ती नवऱ्याच्या खांद्यावर झोपली. घरी शीतकपाटात दुधाची एक बाटली पिळून ठेवली होती, ती लागली नाही. पाऊण तासानं बाहेर आले, ओठ बधिर, गालावर बर्फाची पिशवी, आणि तिथल्याच बाकावर पदर घेऊन तिला पुन्हा घेतलं. चिठ्ठीच्या तळाशी त्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती, मी न सांगता: ‘स्तनपान चालू ठेवावे.’ ती चिठ्ठी मी लेकीच्या वहीत चिकटवली आहे.

आपली नम्र,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)