सातबाऱ्यावर पोटखराब, श्रावणात कंदीलपुष्प

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी राहते कोथरूडला, पण सातबारा जुन्नर तालुक्यातला. त्यातले 38 गुंठे 'पोटखराब', म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लागलेत. मुरमाड उतार, पावसात गुडघाभर गवत, एरवी नुसते दगड. त्या दगडांतच कंदीलपुष्प येतं. आई त्याला खरचुडी म्हणते. लहानपणी गुरांमागे फिरताना तिने त्याचे कंद उकरून खाल्लेत. त्याच्यासाठी मंत्र्यांना पत्र लिहितेय म्हटल्यावर ती पोट धरून हसली.

फूल बोटभर. खाली फुगीर, वर नळी आणि टोकाला पाकळ्या जुळून झालेला कंदील. वासाने चिलटं आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे माघारी फिरता येत नाही. फूल उतरायला लागून केस सुकले की पराग अंगावर घेऊन सुटका. याच्या सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आमच्याच तालुक्यातल्या डोंगरावर मिळालेल्या एका जातीला पुणे विद्यापीठाचे टी. एस. महाबळे यांचं नाव दिलं आहे. आमच्याकडची जात कोणती, हे मी मुद्दाम लिहीत नाही. गट नंबरही नाही. नाव फुटलं की कंद चोरणारे गाडी काढून येतात.

शेजारच्या बांधापलीकडेही ही झाडं होती. दोन वर्षांपूर्वी तिथे प्लॉटिंगसाठी जेसीबी आला, मुरूम निघाला, संपलं. त्या शेतकऱ्याला मी बोल लावत नाही. पोटखराबाला भाव मिळतोय आणि घरात मुलीचं लग्न आहे, तर फुलासाठी थांब असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी एका कार्यालयात विचारलं, या तुकड्याची नोंद 'दुर्मिळ वनस्पती' अशी कुठे होईल का? साहेब म्हणाले, जागा पडीकच आहे ना, मग झाडं लावून घ्या, खड्डे आम्ही देतो. साहेब, हेच तर नको आहे! सावली पडली की गवत जातं आणि गवताबरोबर खरचुडीही जाते. तिला उघडा उतारच लागतो.

कायदा नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36 सी खाली मालक स्वतःहून पुढे आला तर खासगी जमीनही 'समुदाय राखीव', म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली, होऊ शकते. पण एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला त्या राखीव जागेच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर शासनाची मंजुरी लागते. हे वाचल्यावर गावात कोण पुढे येणार? जैवविविधता कायदा, 2002 चं कलम 37 जैवविविधता वारसा स्थळांचं आहे. पुण्यात गणेशखिंडीचं उद्यान 2020 मध्ये तसं घोषित झालं, पण ती सरकारी बाग. याच कलमात, अशा घोषणेने ज्याचं आर्थिक नुकसान होईल त्याच्या भरपाईसाठी राज्य सरकारने योजना करावी असंही लिहिलं आहे. आमच्यासारख्या खातेदारांना कामाचं आहे ते एवढंच. जागा न विकता, न खणता राखणाऱ्याला वर्षाला निदान त्या गवताची किंमत द्या, करार पाच-दहा वर्षांचा ठेवा, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला त्यात घ्या. पैसे थोडे असले तरी चालतील, वेळेवर हवेत.

आणखी एक. अशा जागेची पाहणी उन्हाळ्यात होते. तेव्हा वेल जमिनीवर नसतोच, कंद खाली झोपलेला असतो, आणि पंचनाम्यात 'वाळलेले गवत' एवढंच येतं. आमच्याकडे माणूस पाठवायचा तर श्रावणात पाठवा. चिखल असतो, गमबूट आणायला सांगा. चहा आई करेल.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक खातेदार
मुक्काम कोथरूड, पुणे