नंदे, टेंट चिकट झालाय

पुणे, रविवार दुपार

प्रिय नंदे,

तुझ्या दोन मेलना उत्तर दिलं नाही आणि तिसरी आलीच नाही, म्हणजे तू रागावली आहेस. रागाव. पण आधी हे ऐक. काल माळ्यावरून आपला टेंट काढला, पिशवीची नाडी सोडली आणि आंबलेल्या दह्यासारखा भपकारा आला. बाहेरचं कापड, म्हणजे फ्लाय, उलगडताना सेलोटेप सोलल्यासारखा आवाज. आतल्या बाजूने बोट टेकवलं तर चिकटतंय, आणि शिवणींवरची पट्टी सापाच्या कातीसारखी सुटून लोंबतेय. हे घरात कुणाला सांगू? मावशी म्हणाल्या, "भंगारवाला उद्या येतो."

आईचा गुडघा तसाच. माझी शुगर काठावर. बाकी सगळे बरे. झालं.

तर चिकटपणाचं कारण सांगते, म्हणजे तुला पुन्हा भांडायला मुद्दा मिळेल. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, पाणी तोच अडवतो. ओल आणि उष्णता मिळाली की हा लेप विघटित होतो, आधी बुळबुळीत होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. आणि माळा म्हणजे स्लॅबच्या खाली हातभर. मे महिन्यात तिथे लोणच्याची बरणीसुद्धा कुणी ठेवत नाही. त्यात टेंट दमट असताना पिशवीत कोंबलेला. कुणी कोंबला, या विषयावर मी या पत्रात काही बोलणार नाही. तुला माहीत आहे. टिल्लूलाही माहीत आहे.

दुरुस्ती होते म्हणतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घेऊन जुना लेप पूर्ण खरवडायचा, धुऊन वाळवायचं, मग पाण्यात मिसळणारा नवा लेप ब्रशने चढवायचा, शिवणींना वेगळं सीलर. डबल बेडच्या दोन चादरींएवढं कापड आहे हे, आणि लेप अर्धा राहिला तर नवा त्यावर धरत नाही. नुसती शिवण गळत असती तर केलं असतं. तिथे चूक एकच होते : सिलिकॉनचं सीलर पॉलियुरेथेनवर टिकत नाही, तिथे पॉलियुरेथेनचंच लागतं. पण अख्खा लेप गेला की फ्लाय मेला. आतला जाळीचा भाग आणि पोल मात्र ठणठणीत आहेत.

पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. टेंट काढला होता डिसेंबरच्या भंडारदऱ्याच्या सहलीसाठी, आणि रात्री जेवताना मतदान झालं, टेंट की रिसॉर्ट. पोरांची मतं रिसॉर्टला, कारण तलाव, म्हणजे पोहण्याचा, भंडारदऱ्याचा नव्हे. भाऊजींनी नेहमीचं वाक्य टाकलं, "गैरसोय घरी फुकट मिळते, ती पेट्रोल जाळून कशाला आणायची?" आणि नंदे, मला तोंडावर उत्तर सुचलं नाही. मला! म्हणजे हे प्रेम फक्त आपल्या दोघींचं आणि बाकीच्यांवर लादलेलं, असं आहे का? रात्रभर हिशेब करत पडले होते.

हिशेबात पहिली गोष्ट सापडली ती अशी की आपण लोकांना नेहमी एका रात्रीसाठी नेतो, आणि एक रात्र म्हणजे निव्वळ हमाली. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या काठच्या रतनवाडीला पोचेपर्यंत तीन वाजतात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. त्या तीन तासांत जागा शोधा, टेंट उभा करा, गाद्या फुगवा, भाजी चिरा. सकाळी बघावं तर दवाने फ्लाय निथळतोय. ऊन डोंगरावरून खाली उतरून तो वाळेपर्यंत साडेनऊ, मग आवराआवर दीड तास. पोरांच्या वाट्याला काय आलं, तर "हे धर, ते सोड, त्या दोरीत पाय घालू नकोस." दोन रात्री राहिलं तरी मांडणं-आवरणं तेवढंच, पण मध्ये एक अख्खा दिवस मोकळा मिळतो. अमृतेश्वराच्या देवळात जा, पाण्याकाठी बस, काही करू नको. दुसरी रात्र नसेल तर रिसॉर्टच बरं, हे मी आता भाऊजींसमोरही मान्य करीन. तू सांगू नकोस.

दुसरी गोष्ट थंडी. तिथे पहाटे पारा १० च्या खालीसुद्धा जातो, आणि सगळे वरून घ्यायला ब्लँकेटं आणतात. गारठा खालून येतो. फुगवायची साधी गादी सगळ्यात वाईट, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीला नेऊन देते. तिच्यावर १० मिलिमीटरचा फोम टाकला की फरक पडतो. फोम नसेल तर घरची जाड सतरंजी दुहेरी करून, पण गादीच्या वर, खाली नव्हे. हे तुझ्या नवऱ्याला मी तीनदा सांगितलं होतं.

मग थंडी वाजते म्हणून कुणीतरी सगळ्या खिडक्या बंद करतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. चौघांचं झालं लिटरभर. ते गार फ्लायला आतून लागतं, थेंब होतात, वारा आला की तोंडावर. पोरं म्हणतात टेंट गळला. गळत नसतो. वरची झडप आणि खालची एक बाजू चार बोटं उघडी ठेवायची, आणि फ्लाय ताणून बांधायचा, म्हणजे तो आतल्या कापडाला टेकत नाही. मोजे-टोपी घालून उघड्या झडपेत झोपणं हे बंद टेंटमध्ये कुडकुडण्यापेक्षा बरं.

आणि शेगडी आत कुणी आणायची नाही. कोळशाची नाही, गॅसची नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळत नाही. यावर मी विनोद करणार नाही.

बाकी तुला पाठ आहे, पण या वेळी बरोबर येणारी लेले मंडळी नवखी असतील म्हणून लिहून ठेवते, फोटो काढून पाठव त्यांना. 'चार माणसांचा' टेंट म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान, बॅगा बाहेर. खाली अंथरायचं प्लॅस्टिक टेंटच्या तळापेक्षा चहूकडून दोन बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं तर पाऊस त्यावर पडतो आणि थेट तुमच्या खाली जमा होतो. पाण्याच्या अगदी काठाशी लावायचा नाही, गार हवा रात्री तिथेच उतरून साचते. दहा-पंधरा मीटर वर गेलं तरी फरक जाणवतो. टेंटबरोबर मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या मुरमात वाकतात, लोहाराकडून ८ मिलिमीटर सळईच्या वीतभर लांब करून घ्यायच्या, डोकं वाकवलेल्या. खुंटी टेंटच्या उलट बाजूला कललेली ठोकायची. कातळ लागला तर हट्ट सोडून दगडाला दोरी बांधायची, लहान दगड दोरीत आणि मोठा त्याच्यावर.

गॅसचे ते २२० ग्रॅमचे लांब डबे पहाटे रुसतात. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे ८ अंशाला आधीच दाब कमी, त्यात गॅस वापरताना डबा स्वतःच गार होत जातो. चहाला अर्धा तास लागला की सगळे स्टोव्हला शिव्या घालतात. डबा रात्री अंथरुणाच्या पायथ्याशी कपड्यात गुंडाळून ठेवायचा, किंवा लावण्याआधी कोमट पाण्याच्या ताटलीत थोडा वेळ. आचेजवळ न्यायचा नाही. दोन रात्रींना तीन डबे पुरतात, जर भाकरी गावातून सांगितली आणि आपण फक्त चहा आणि तीन लिटरच्या कुकरात खिचडी केली तर. भाकरी स्वतः थापण्याचा तुझा हट्ट या वेळी नको. पाणी पिण्या-रांधण्याला माणशी रोज पाच लिटर.

बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे, विंचवासाठी. साप म्हणून घाबरणाऱ्यांना सांग की मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते, म्हणून तर चेन लावलेला टेंट उघड्या पडवीपेक्षा बरा. फक्त चेन लावायला हवी. लावतं कोण? आणि रात्री पोरांनी एकट्याने बाहेर जायचं नाही, तो बिबट्याचा मुलूख आहे.

आता खरं कारण. नंदे, थंडी नाही, विंचू नाही, पोहण्याचा तलावही नाही. मुक्ता मतदानानंतर हळूच येऊन म्हणाली, "आई, तिथे संडास आहे का?" एवढंच. तेरा वर्षांची आहे. आपण त्या वयात काय केलं ते आठवून मला लाज वाटली, कारण आपण दिवसभर पाणीच प्यायचो नाही, आणि त्याला काटकपणा म्हणायचो. आडरानात जायचं तर पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती, हे मला माहीत आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला पाळी आलेली असताना ते सांगायचं नसतं. रतनवाडीत गावातली मंडळी टेंट लावून देतात, जेवणही देतात, तेव्हा जागा ठरवण्याआधी फोनवर पहिला प्रश्न हाच : संडास किती, दाराला कडी आहे का, पाणी आत आहे का. भाड्याचं दुसऱ्या क्रमांकावर.

पोरांनी पाहिलंय ते पवनेचं. मैत्रिणींच्या फोटोत पन्नास टेंट दोरीला दोरी लावून, स्पीकर, बार्बेक्यू. मंगल कार्यालय आडवं केल्यासारखं. त्याला मी नको म्हणत नाही, पण ते पाहून 'टेंट म्हणजे हेच' ठरवलं असेल तर रिसॉर्टला मत देणं रास्तच आहे.

म्हणून माझं म्हणणं : नवा टेंट आत्ता घ्यायचाच नाही. एक तर ओला टेंट घरी आणून वाळवायचा कुठे? आमच्या गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला. मागच्या वेळी बाल्कनीत चार पदरी टांगला होता, मधले पदर तीन दिवस ओले. चिकटपणा तिथूनच सुरू झाला असणार. हं, म्हणजे अर्धी चूक माझी. अर्धीच. तेव्हा या डिसेंबरात गावातले टेंट भाड्याने, दोन रात्री, आपली दोन्ही घरं आणि लेले मंडळी. फोम आणि स्लीपिंग बॅगा आपल्या. १३ तारखेची रात्र धरू या, मिथुनेतला उल्कावर्षाव त्या रात्री ऐन भरात असतो, मध्यरात्रीनंतर मिथुन डोक्यावर येते. चंद्र कधी मावळतो ते पंचांगात बघ. पोरं उठली तर उठली, नाही तर आपण दोघी आहोतच. त्यांना आवडलं तर मार्चमध्ये टेंट बघू, अॅल्युमिनियमच्या पोलचा. नाही आवडलं तर भाऊजींच्या रिसॉर्टला मी मुकाट्याने जाईन. पुस्तक घेऊन.

तुझ्या बदलीचं काय झालं? आणि सासऱ्यांचं मोतीबिंदू? ओंकार दहावीला आहे हे मी विसरलेले नाही, त्याची पूर्वपरीक्षा कधी ते कळव, त्यावरच सगळं आहे.

बुधवारपर्यंत हो की नाही कळव. आणि पोलची रिकामी पिशवी तुझ्याकडेच आहे. "माझ्याकडे नाही" म्हणण्याआधी शिवणयंत्राच्या मागे बघ.

तुझी,
शमा