जबड्यासोबत मानही तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मंडळींचे आभार

सप्रेम नमस्कार,

जबड्याच्या सांध्याचे रुग्ण आम्हा दंतवैद्यांकडे येतात ते दाढ दुखते किंवा तोंड नीट उघडत नाही म्हणून. डोकं ठणकतं, मान आखडते, खांदे भरून येतात, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ते तुम्ही विचारता आणि त्यावर कामही करता, म्हणून हे पत्र.

चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या मज्जानसा मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला एकाच पेशीसमूहावर येऊन मिळतात. म्हणून मानेचं दुखणं कानशिलात जाणवतं आणि जबड्याचं मानेपर्यंत पसरतं. दुखणं महिनोन्महिने रेंगाळलं की या पेशी हळव्या होतात. झोप मोडली की त्यात भरच. जबडा शांत झाल्यावर इतर दुखणी हलकी होतात त्यामागे मुख्यतः हेच असतं. ‘चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) सुधारला की कंबर सरळ होते’ असं सांगून चांगले दात यंत्राने झिजवणारेही आहेत. रुग्णांना तुम्ही त्यापासून परावृत्त केलंत, याचे आभार वेगळे. झिजवलेला दात पुन्हा भरून येत नाही.

तुमचं काम बघणाऱ्याला किरकोळ वाटतं. हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवायचा, सांधा हलकेच खाली ओढून धरायचा, सोडायचा. पण सांध्यातली चकती पुढे सरकून तोंड अडकलं असताना घाईने ताणलं, तर चकतीमागचा नाजूक भाग दुखावतो, स्नायू आणखी आवळतात आणि तोंड आधीपेक्षाही कमी उघडतं. पुढच्या दातांमध्ये साधारण 40 मिमी अंतर पडायला हवं. तिथवर पोचायची तुम्ही घाई करत नाही.

घरच्या व्यायामाचंही तसंच. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटलेले. जीभ तिथून न हलवता तोंड सावकाश उघडायचं, एका वेळी सहादा, दिवसातून सहा वेळा. तोंड उघडताना सांध्यात होणारी टकटक थांबत नाही म्हणून बरेच जण कंटाळून सोडतात. न दुखणाऱ्या टकटकीला उपचारच लागत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा तुमच्याकडून लवकर पटतं!

झोपताना दातांवर बसवायची रात्रीची प्लेट आम्ही देतो: कडक अॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी. फक्त पुढच्या दातांवर बसणारी प्लेट फार काळ वापरली तर दाढा वर सरकून चावाच बदलू शकतो. मात्र ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 2023 मध्ये छापलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट दुखण्यासाठी हाताने केलेले उपचार, देखरेखीखालचे व्यायाम आणि वर्तनोपचार यांची ठाम शिफारस आहे, नुसत्या प्लेटच्या बाजूने कौल नाही. आमच्या व्यवसायाला हे जरा झोंबतं.

फायब्रोमायल्जिया (सर्वांगदुखीचा जुनाट आजार) किंवा मायग्रेन सोबत असेल तर नुसत्या जबड्याच्या उपचाराने सगळं अंग मोकळं होणार नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता. त्यामुळे पुढची निराशा टळते.

एक विनंती. तोंड न दुखता किती मिमी उघडतं आणि दुखलं तरी जास्तीत जास्त किती, हे दोन्ही आकडे चिठ्ठीत लिहीत राहा. स्नायू सैल झाले की जबड्याची ठेवण किंचित बदलते आणि दात प्लेटवर वेगळ्या जागी टेकतात. प्लेट पुन्हा जुळवायला रुग्णाला कधी बोलवायचं, याचा अंदाज आम्हाला त्या आकड्यांवरून येतो.

आपले,
दंतवैद्यक सहकारी